आयोडीन-१३१ घेतलेल्या मांजराची ट्रेमधली माती : नाशिकच्या घरात कशी साठवायची, कधी टाकायची

थायरॉईड वाढलेल्या म्हाताऱ्या मांजराला आयोडीन-१३१ या किरणोत्सारी आयोडीनचे एक इंजेक्शन दिले की बहुतेक वेळा तेवढ्यावरच आजार आटोक्यात येतो. मांजर काही दिवस दवाखान्यात राहते, मग घरी येते. घरच्यांच्या वाट्याला राहते ती ट्रेमधली माती. शरीराने न वापरलेले आयोडीन मुख्यतः लघवीवाटे आणि थोडे शी व लाळेवाटे बाहेर पडते. त्यामुळे घरी आल्यावर पहिले दोन आठवडे ट्रेमध्ये जे साचते ते किरणोत्सारी असते. ते लगेच घंटागाडीत टाकायचे नाही. वेगळे काढून, कोरडे ठेवून, तारीख घालून ८० दिवस सांभाळायचे आणि मग साध्या कचऱ्यासारखे द्यायचे.

आधी भीती किती बाळगायची ते ठरवू. माणसाचा थायरॉईड वाढला तर याच औषधाचे साधारण ५ ते १५ मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचे माप) देतात आणि तो माणूस बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मांजराचा डोस बहुधा २ ते ५ मिलिक्युरी, म्हणजे ७४ ते १८५ मेगाबेकरेल इतकाच असतो. मांजराला थायरॉईडचा कॅन्सर असेल तर डोस बराच मोठा असतो आणि तेव्हा दवाखाना मांजराला जास्त दिवस ठेवून घेतो. मग माणसाच्या बाबतीत नसलेला हा खटाटोप मांजरासाठी का? कारण माणूस संडासात जाऊन पाणी सोडतो. मांजराची लघवी मात्र घरातच, उघड्या ट्रेमध्ये मातीत धरून राहते आणि ती कुणीतरी हाताने उपसते. एका दिवसाच्या ट्रेने कुणी आजारी पडणार नाही. पण आयोडीन पोटात किंवा श्वासातून गेले तर ते थेट आपल्या थायरॉईडमध्ये जाऊन बसते. हे काम लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब ठेवायचे ते यासाठी. गर्भाची थायरॉईड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढू लागते.

नेमका कोणता उपचार झाला आहे ते आधी बघा

डिस्चार्जच्या कागदावर द्रव्याचे नाव, दिलेली मात्रा, इंजेक्शनची तारीख, मांजर सोडताना मोजलेली किरणांची पातळी आणि किती दिवस काय पाळायचे हे लिहिलेले असते. नसेल तर निघण्यापूर्वी लिहून मागा. आपल्याकडे असा उपचार करणाऱ्या जागेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि तिथे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असतो. बोलायचे त्याच्याशी, आणि त्याचा फोन नंबर कागदावर असलाच पाहिजे. या लेखात आणि त्या कागदात कुठे फरक दिसला तर कागद खरा धरा.

एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा मशीनमधून बाहेरून दिलेले रेडिएशन यांनी जनावर किरणोत्सारी होत नाही. त्याची शी-लघवी रोजच्यासारखीच टाकायची.

हाडांच्या स्कॅनसाठी कुत्र्याला टेक्निशियम-९९एम नावाचे किरणोत्सारी द्रव्य देतात. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तासांचे, म्हणजे ६० तासांत सुमारे एक हजारांश उरते. स्कॅननंतरचे दोन-तीन दिवस कुत्र्याला गंगापूर रोडवर फिरवण्याऐवजी आपल्याच आवारात एका ठरलेल्या कोपऱ्यात न्या, लघवीवर बादलीभर पाणी ओता, शी पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग नेहमीसारखी टाका. त्यापुढे काही करायचे नाही.

कुत्र्याच्या दुखऱ्या सांध्यात टिन-११७एम हे किरणोत्सारी द्रव्य सोडण्याचा उपचार परदेशात होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे असते, पण ते सांध्यातच अडकून राहते. तिथे नियम असतात ते कुत्र्याजवळ किती वेळ बसायचे-झोपायचे याचे. शी-लघवीचा प्रश्न नगण्य असतो.

खरा सांभाळायचा कचरा आयोडीन-१३१ चा. इथून पुढे सगळे त्याबद्दल.

८० दिवस कुठून आले

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे. ८ दिवसांनी निम्मे, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी एक अष्टमांश, ४० दिवसांनी सुमारे तीन टक्के आणि ८० दिवसांनी, म्हणजे दहा अर्धायुष्ये झाल्यावर, सुमारे एक हजारांश. महिनाभर ठेवून कंटाळून टाकले तर साडेसात टक्के अजून शिल्लक असते. या काळात आपण त्या मातीवर कोणतीही प्रक्रिया करत नाही. उकळून, उन्हात वाळवून, फिनाईल ओतून किरणोत्सर्ग कमी होत नाही. तो फक्त वेळ गेल्याने कमी होतो.

मांजराच्या अंगातले आयोडीन त्याहून लवकर घटते, कारण ते विरतही असते आणि लघवीवाटे जातही असते. शरीरातले प्रमाण दोन ते चार दिवसांत निम्मे होते. म्हणून मांजर जवळ घेण्याची बंदी साधारण दोन आठवड्यांत उठते आणि माती मात्र अडीच महिन्यांहून जास्त ठेवावी लागते. मांजर मांडीवर घ्यायला परवानगी मिळाली की डबाही टाकायला हरकत नाही, असा समज इथेच होतो आणि तो चूक आहे.

दिवस मोजायचे ते डब्यात शेवटची पिशवी टाकल्याच्या तारखेपासून. इंजेक्शनच्या तारखेपासून नाही, मांजर घरी आल्याच्या तारखेपासूनही नाही. समजा इंजेक्शन ५ जूनला झाले, मांजर १० जूनला नाशिकला आले, दोन आठवडे माती जमवली आणि २४ जूनला डबा बंद केला. ८० दिवस १२ सप्टेंबरला भरतात. दवाखान्याने ९० दिवस सांगितले असतील तर २२ सप्टेंबर. ऑगस्टमध्ये ‘ही एकच पिशवी राहिली होती’ म्हणून कुणी त्यात भर घातली, तर अख्ख्या डब्याची मोजणी तिथून नव्याने सुरू होते. बंद केलेला डबा बंदच राहू द्या.

मांजर यायच्या आधी

उपचार बाहेरगावी झाला असेल तर परतीच्या प्रवासातच पहिली लघवी होते. पिंजऱ्यात तळाला प्लास्टिक आणि वर शोषक पॅड किंवा जुनी चादर घाला. पिंजरा मागच्या सीटवर, माणसांपासून शक्य तितका लांब ठेवा. गरोदर बाई आणि लहान मूल त्या गाडीत नको. पॅड भिजले म्हणून ते कसारा घाटात किंवा इगतपुरीच्या हॉटेलाच्या डस्टबिनमध्ये टाकू नका. पिशवीत बांधून घरी आणा, डब्यातली पहिली पिशवी तीच.

घरात एक खोली ठरवा, जिथे फरशी आहे आणि गालिचा, गादी, सोफा नाही. दुसरे बाथरूम असेल तर उत्तम. फ्लॅटमध्ये बंद बाल्कनी चालते, पण तिथे पावसाची झड येत असेल तर नको. मांजर बाहेर हिंडणारे असेल तर दोन आठवडे ते पूर्ण घरात राहिले पाहिजे. बंगल्यातल्या मांजरांना कुंड्यांत आणि वाफ्यांत जायची सवय असते, त्यांना ट्रेची ओळख उपचाराच्या किमान पंधरा दिवस आधी करून द्या. आल्यावर शिकवू म्हटले तर पहिल्याच रात्री ते पलंगाखाली जाते. दुसरे मांजर असेल तर त्याचा ट्रे वेगळ्या खोलीत. एकाच ट्रेमध्ये दोघे गेले की दोघांची माती साठवावी लागते.

जमवायचे सामान थोडके आहे.

- गोळे होणारे बेंटोनाइटचे (एक प्रकारची चिकणमाती) लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती, १० किलो
- उंच कडांचा ट्रे, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर. मांजराचे सांधे दुखत असतील तर पुढची एक कड खाली कापलेली
- लांब दांड्याची चाळणी
- एकदा वापरून टाकायचे नाइट्राइलचे हातमोजे, ५० चे एक खोके
- छोट्या पिशव्या ३०, आणि ५० मायक्रॉनहून जाड मोठ्या काळ्या पिशव्या ६
- २० लिटरचा, घट्ट झाकणाचा रंगाचा रिकामा डबा
- पेपर टॉवेल, चिकटपट्टी, पक्क्या शाईचे मार्कर, साधा मास्क

मातीबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण पुढची अर्धी डोकेदुखी इथेच ठरते. बेंटोनाइट लघवी पडताच गोळा धरते आणि तो गोळा तेवढा उचलता येतो. बरेच जण बांधकामाची वाळू वापरतात. ती लघवी धरत नाही, सगळी तळाशी उतरते आणि शेवटी ट्रेमधली वाळू सबंध साठवावी लागते. दोन आठवड्यांत ती सहज २५-३० किलो होते आणि डबा उचलता येत नाही. वखारीतला लाकडाचा भुसा हलका असतो, पण त्याची धूळ उडते. भिजलेल्या भुशाची धूळ वाळून श्वासात जाणे हेच तर टाळायचे आहे. फाडलेले वर्तमानपत्र तर दोन तासांत लगदा होते. मांजराला बेंटोनाइट आवडत नसेल तर लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांचे लिटर वापरा, मात्र तेही लघवीने फुटून भुसा होते, तेव्हा ते ओलसर असतानाच काढा.

ट्रेला आधी प्लास्टिकची पिशवी चढवा, वर दोन ते अडीच सेंटिमीटर माती. एवढ्या ट्रेला सुमारे तीन किलो लागते. जास्त जाड थर घातला तर मांजर उकरून बाहेर फेकते, पातळ घातला तर गोळा तळाला चिकटतो आणि खरवडताना प्लास्टिक फाटते. मोठ्या मांजराची दिवसाची लघवी १०० ते १५० मिलिलिटर धरली, तर तिच्याबरोबर निघणारी माती मिळून रोज साधारण ४०० ग्रॅम होतात. १४ दिवसांचे सहा किलोच्या आत, शेवटी ट्रेमधले उरलेले तीन किलो, हातमोजे आणि कागद वेगळे. हे सगळे २० लिटरच्या एका डब्यात बसते. थायरॉईडबरोबर मूत्रपिंडही बिघडलेले असेल तर मांजर खूप पाणी पिते. अशा वेळी दोन डबे ठेवा.

रोजचे काम

घरातल्या एकाच मोठ्या माणसाने हे काम घ्यावे. गरोदर, बाळाला अंगावर पाजणारी आणि १८ वर्षांखालील कुणीही नको. कामाला येणाऱ्या मावशींना हे काम सांगायचे नाही. त्यांना धोका कळलेला नसतो, नाही म्हणणे जमत नाही, आणि तेच हात घेऊन त्या पुढच्या तीन घरी जातात. ती खोली झाडण्या-पुसण्यापासूनही त्यांना दोन आठवडे सुट्टी द्या.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी उपसा. काम दोन-तीन मिनिटांचे आहे. मास्क आणि हातमोजे घाला, खोलीतल्या चपला वेगळ्या ठेवा, पंखा बंद करा. ट्रेवर वाकू नका, हात लांब ठेवून चाळणीने गोळे आणि शी उचला. चाळणी आपटून झटकली की धूळ उडते, तेव्हा हलकेच हलवा. सगळे छोट्या पिशवीत घाला. पिशवीतली हवा दाबून काढू नका, ती तोंडावर येते. पिशवीचे तोंड पिळा, पिळलेला भाग खाली मुडपा आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. साध्या गाठीतून आठवड्याभरात ओल झिरपते, मुडपलेल्या पिळातून नाही. हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे काढा आणि तेही डब्यातल्या मोठ्या पिशवीत टाका. मग साबणाने हात धुवा, हातमोजे घातले होते तरी.

डब्यात दोन मोठ्या पिशव्या एकात एक घालून ठेवलेल्या असाव्यात. रोजची छोटी पिशवी टाकल्यावर वर दोन चमचे खाण्याचा सोडा किंवा मूठभर कोरडी माती भुरभुरा. वास बराच दबतो.

मांजर अंग चाटते, म्हणून केसांवर आणि अन्नाच्या भांड्यावरही थोडे आयोडीन येते. भांडे वेगळे ठेवा, वेगळ्या घासणीने घासा. मांजर स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा अंथरुणात नको. ओकून काढलेला केसांचा गोळाही डब्यातच जातो.

फ्लश करावे का

परदेशात काही दवाखाने विरघळणारे लिटर घेऊन फ्लश करायला सांगतात. तुमच्या कागदावर तसे स्पष्ट लिहिले असेल तरच करा, आणि त्यातही घराची व्यवस्था बघा. शहरातल्या ड्रेनेजला जोडलेल्या फ्लॅटमधून ते तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा एखाद्या मलनिस्सारण केंद्राकडे जाते, वाटेत भरपूर पाण्यात मिसळते. मखमलाबाद, आडगाव किंवा गंगापूर गावाकडच्या मळ्यांत आणि बंगल्यांत सेप्टिक टँक असतो. तिथे आयोडीन टाकीतच पडून विरते, हे तसे वाईट नाही. पण त्या तीन महिन्यांत टाकी उपसायला टँकर बोलावला, किंवा शोषखड्डा विहिरीला लागून असला, तर हिशेब बिघडतो. तेव्हा टाकी उपचाराच्या आधीच उपसून घ्या, नाहीतर फ्लशचा विचार सोडा.

बेंटोनाइट कुठल्याही संडासात टाकू नका. ते पाण्यात फुगते आणि भांड्याच्या वळणात सिमेंटसारखे बसते. मग प्लंबर येऊन हात घालतो, आणि त्याला कुणी काही सांगितलेले नसते. विरघळणारे लिटरही एका वेळी मूठभरच टाका, दहा मिनिटे भिजू द्या आणि दोनदा पूर्ण पाणी सोडा. पाणी दिवसातून एकदाच येते अशा इमारतीत हे जमत नाही. शिवाय मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पाण्यात जाऊ शकतो, हे एक वेगळे कारण आहेच. आमचा कल साठवण्याकडे आहे.

डबा कुठे ठेवायचा

माणसांपासून लांब, पाऊस आणि ऊन दोन्हींपासून आडोशाला. अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा पाव होते. त्यामुळे शिशाचे पत्रे शोधण्यापेक्षा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला सरकवणे सोपे आणि जास्त उपयोगी. भिंतीपलीकडे कुणाचा पलंग आहे का ते बघा. शेजाऱ्यांची भिंत असेल तर त्यांच्या बाजूनेही विचार करा.

गॅरेज, बंगल्यातली अडगळीची खोली, जिन्याखालची कुलूपबंद जागा चांगली. सोसायटीच्या जिन्याखालची सामाईक जागा नको, तिथे वॉचमन बसतो आणि मुले खेळतात. उघड्या गच्चीवर एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होऊन फाटते आणि जून लागला की झाकणावर साचलेले पाणी आत शिरते. गच्चीवरच ठेवायचा असेल तर टाकीखालची सावली आणि डब्याखाली दोन विटा. उंदीर-घुशींचा त्रास असेल तर डबा पत्र्याच्या पिंपात ठेवा.

फिरकीच्या झाकणाचे हवाबंद कॅन वापरू नका. शी कुजून वायू होतो, कॅन फुगतो आणि उघडताना फसकन बाहेर येतो. रंगाच्या डब्याचे दाबून बसणारे झाकण पुरे, त्याला चारी बाजूंनी टेप मारू नका. पावसाळ्यात आत ओल धरली की अळ्या होतात. त्यावर उपाय आतल्या पिशव्या नीट बांधणे हाच आहे. नंतर उघडून औषध मारायचे नाही.

डब्यावर कागद चिकटवा: ‘मांजराचा कचरा. आयोडीन-१३१. बंद केल्याची तारीख अमुक. तमुक तारखेपर्यंत उघडू नये, टाकू नये.’ खाली फोन नंबर. बाहेरचा कागद ओलीने खराब होतो, म्हणून तोच मजकूर एका छोट्या पिशवीत घालून आतही ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकायच्या तारखेला खूण करा. किरणोत्सर्गाचे तीन पाकळ्यांचे चिन्ह हौसेने काढू नका. ते पाहून कुणी पोलिसांना फोन केला तर चूक त्याची नसेल.

डबा चुकीच्या हाती जाण्याची खरी वेळ म्हणजे घरातली मोठी साफसफाई. गणपती किंवा दसरा-दिवाळीच्या आधी अडगळ निघते, डबा चांगला दिसतो आणि भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले प्रयोगशाळेतले यंत्र फोडले गेले आणि एक कामगार दगावला. मांजराच्या मातीतला किरणोत्सर्ग त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण माहिती नसलेल्या माणसाकडे किरणोत्सारी वस्तू जाऊ द्यायची नाही हा नियम दोन्हीकडे एकच आहे. घरात सगळ्यांना, अगदी आजी-आजोबांनाही, डब्याबद्दल सांगून ठेवा.

मधल्या काळात पुढील गोष्टी करायच्या नाहीत. माती बागेत पुरायची नाही, भटकी कुत्री उकरतात. गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये घालायची नाही. जाळायची तर मुळीच नाही, आयोडीन उष्णतेने उडून हवेत जाते. नासर्डीच्या पात्रात किंवा मोकळ्या प्लॉटवर फेकायची नाही, हे वेगळे सांगायला नको. कायद्याने पाहिले तरी किरणोत्सारी कचऱ्यासाठी १९८७ चे वेगळे नियम आहेत आणि घनकचरा नियमांनी तो आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. महापालिकेची गाडी तो घ्यायला बांधील नाही.

ट्रेबाहेर झाले, ओकले

फिनाईल, ब्लीच, ॲसिड आणि संडास साफ करायचे आम्लयुक्त द्रव बाजूला ठेवा. ब्लीच किंवा ॲसिडने आयोडीनचा वायू होऊन ते हवेत जाते, जे फरशीवर पडलेले बरे होते. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळले की वेगळाच विषारी वायू होतो. फिनाईल मांजराला तसेही घातक आहे. साधे पाणी आणि कपड्यांचा साबण एवढेच वापरा.

हातमोजे घाला, पेपर टॉवेल वर ठेवून टिपा. पुसताना कडेकडून मध्याकडे या. मधून बाहेर पुसले की डाग पसरतो. दोनदा साबणपाण्याने टिपून तिसऱ्यांदा कोरडे करा, सगळे कागद डब्यात. ओला पोछा फिरवून बादलीत पिळायचा नाही, नाहीतर पोछा, बादली आणि मोरी असे तिन्ही धुवावे लागते. चादर भिजली असेल तर बांधून डब्याशेजारी ८० दिवस ठेवा, किंवा फार लागत असेल तर वेगळी, दोनदा, भरपूर पाण्यात धुवा. गादीत मुरले तर गादी त्या खोलीत उभी करून ठेवण्याला पर्याय नाही.

मांजर या दोन आठवड्यांत आजारी पडले तर जवळच्या डॉक्टरकडे न्या, पण निघण्याआधी फोन करून आयोडीन-१३१ दिल्याची तारीख आणि मात्रा सांगा. रक्त-लघवीचा नमुना घेणाऱ्याला ते कळले पाहिजे. मांजर दगावले तर स्वतः पुरू किंवा दहन करू नका. थेट उपचार केलेल्या दवाखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करा आणि तो सांगेल तसेच करा.

१४ दिवसांनंतर आणि ८० दिवसांनंतर

कागदावर दिलेली मुदत संपली की ट्रेमधली सगळी माती, तळाची पिशवी, वापरलेली चाळणी डब्यात जाते. ट्रे साबणाने दोनदा धुवून ते पाणी संडासात ओता. मांजराच्या नखांनी ट्रे फार ओरखडला असेल तर धुऊनही भेगांत राहते, तोही डब्याजवळ ठेवून द्या. आतल्या दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या पिळून बांधा, झाकण लावा, तारीख लिहा. त्या दिवसापासून नवी माती घाला आणि ती नेहमीसारखी टाका.

तारीख भरली की डबा मोकळ्या हवेत उघडा, मास्क लावून. आता त्रास द्यायला उरला आहे तो वास. दवाखान्याने मोजणी करून मगच टाका असे सांगितले असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याला आधी विचारा. चांगल्या मीटरवर पिशवीजवळचा आकडा आसपासच्या नेहमीच्या पातळीइतकाच यायला हवा. मोबाइलमधल्या ॲपवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरवर विसंबून मुदतीआधी टाकू नका. त्यांना एवढी कमी पातळी भरवशाने मोजता येत नाही.

किरणोत्सर्गाचा उल्लेख असलेला प्रत्येक कागद, आतला आणि बाहेरचा, काढून फाडा. तो राहिला तर घंटागाडीवरचा माणूस गाडी थांबवेल, आणि त्याने थांबवायलाच हवी. नऊ-दहा किलो एका पिशवीत दिले तर ती गाडीत चढवताना फाटते, म्हणून छोट्या पिशव्या तीन-चार दिवसांत थोड्या थोड्या द्या. ओल्या कचऱ्यात टाकू नका, त्याचे खत होते आणि त्यात माती व प्लास्टिक नको असते. डायपर देतो तसे वेगळे गुंडाळून, ‘मांजराची माती आहे’ असे सांगून हातात द्या.

रिकामा डबा साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात पालथा घाला. धान्य किंवा पिण्याचे पाणी त्यात नको, मांजराच्या शीचा डबा म्हणूनच. तळाला चार भोके पाडली तर कढीपत्त्याला पुरेल एवढी कुंडी होते.